मागे फिरायची सोय

व्हिडिओ गेम म्हणजे नुसती ठोकाठोकी, असं आमच्या नात्यातल्या बऱ्याच मंडळींचं ठाम मत आहे. ते अगदीच निराधार आहे असं नाही, कारण ठोकाठोकीचे गेम भरपूर आहेत आणि खपतातही तेच. पण त्यांच्यात एक जात अशी आहे की जिथे गोळी कुठे मारायची यापेक्षा ती मारायची की नाही, हा प्रश्न मोठा असतो. त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्रासाठी निर्णय घेतो, आणि पुढची गोष्ट त्या निर्णयांप्रमाणे वळते. निदान वळायला हवी. आज लिहायचं आहे ते या 'वळायला हवी'बद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या खेळात निवडीची काही किंमत मोजावी लागत नाही, त्यात निवड दिलीच नाही असं समजावं. चार पर्याय पडद्यावर लिहून दाखवले म्हणजे निवड होत नाही. वाढपी 'भात वाढू का?' असं विचारतो आणि आपण हो म्हणा की नाही, भात पानात पडतोच, तसला तो प्रकार.

आता मी हे गेम स्वतः खेळते का? हात तेवढे चालत नाहीत. कॉलेजात असलेला नातू खेळतो आणि मी शेजारी बसते. लढाई आली की तो लढतो, आणि बोलण्याचा, ठरवण्याचा प्रसंग आला की म्हणतो, "आजी, तू ठरव." त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी बरीच राज्यं तारली आहेत आणि काही बुडवलीही आहेत. शिवाय ज्या गेमबद्दल कुतूहल वाटलं त्याची माहिती वाचत गेले. हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे 'पुढे काय झालं' आणि 'ते तसं का झालं' हे दोन प्रश्न विचारायची सवय सुटत नाही.

मुळात एक फरक स्पष्ट करायला हवा. परिणाम वेगळा आणि शिक्षा वेगळी. गृहपाठ केला नाही म्हणून बाकावर उभं केलं, ही शिक्षा. गृहपाठ केला नाही म्हणून पुढचं गणित कळलं नाही, हा परिणाम. शिक्षेला कुणीतरी देणारा लागतो. परिणामाला तसा कुणी लागत नाही, तो गोष्टीच्या पोटातूनच येतो. शिक्षा टाळता येते, लपवता येते, मास्तरांचं लक्ष नसलं तर सुटताही येतं. परिणामापासून तसं सुटता येत नाही. कमअस्सल गेम बक्षीस आणि शिक्षा वाटत बसतात, आणि चांगले गेम परिणाम दाखवतात. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

आपल्याकडचा मोक्षपट आठवा. परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणाच्या शिडीनं वर चढायचं, दुर्गुणाच्या सापानं खाली यायचं. परिणाम अगदी ठसठशीत! पण निवड? ती नाहीच. फासा पडेल त्या घरात जायचं. लोभाच्या घरात आपण पोचतो ते लोभ केला म्हणून नव्हे, चार पडले म्हणून. मोक्षपटात परिणाम आहे पण निवड नाही, आणि पुष्कळ आधुनिक गेममध्ये निवड आहे पण परिणाम नाही. दोन्ही एकत्र आणणं किती अवघड आहे ते यावरून कळावं.

या खेळांचं मूळ कॉम्प्युटरमध्ये नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. तो टेबलाभोवती बसून खेळायचा. फासे, कागद, पेन्सिल आणि चार मित्र, बस्स. त्यातला एक जण सूत्रधार होतो, बाकीचे पात्रं. 'मी दार उघडतो', 'मी पहारेकऱ्याला लाच देतो' असं खेळाडूनं म्हणायचं आणि पुढे काय झालं ते सूत्रधारानं सांगायचं. इथे परिणामांना अंत नाही, कारण समोर माणूस बसलाय. खेळाडूनं कितीही विचित्र बेत केला तरी माणसाला त्यावर उत्तर सुचतं.

कॉम्प्युटरला मात्र उत्तर सुचत नाही. त्याच्यात आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. आणि इथे एक साधं गणित आडवं येतं. समजा, गोष्टीत दोन वाटांची निवड दहा वेळा आली आणि प्रत्येक वाट शेवटपर्यंत वेगळी ठेवायची म्हटलं, तर १,०२४ वेगवेगळे शेवट लिहावे लागतील. वीस वेळा आली तर दहा लाखांच्या वर! कोण लिहिणार एवढं? म्हणून गेम करणारे नदीसारखं करतात. पात्रात बेट आलं की प्रवाह दोन होतो आणि बेट संपलं की पुन्हा एक. उजवीकडून गेलात काय, डावीकडून गेलात काय, पुढच्या गावाला पोचणारच. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. पण मग प्रश्न राहतो तो हा की, बेटाला वळसा घालताना तुमच्यात किंवा त्या जगात काही बदललं का? शेवट एकच असला तरी चालेल, तिथे पोचणारा माणूस एकच असू नये.

हे ज्यांना लवकर कळलं त्यांच्यात रिचर्ड गॅरियट यांचं नाव घ्यावं लागेल. त्यांच्या 'अल्टिमा' मालिकेतल्या पहिल्या तीन भागांत शेवटी कुणीतरी दुष्ट शक्ती असायची आणि तिचा नायनाट केला की खेळ संपायचा. १९८५ साली आलेल्या चौथ्या भागात त्यांनी खलनायकच काढून टाकला. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं, एवढंच काम. हो, 'अवतार' हा आपलाच शब्द. आज कॉम्प्युटरच्या जगात जो तो वापरतो त्या शब्दाच्या प्रसारात या खेळाचाही वाटा आहे.

या गेममधली एक गोष्ट मला फार आवडते. जडीबुटी विकणारी जी दुकानं आहेत, तिथे बसणारी माणसं आंधळी आहेत. किंमत ती सांगतात, पण पैसे मोजून ठेवायचे आपण. कमी ठेवले तरी चालतात. ओरडा नाही, शिपाई येत नाही, माल हातात पडतो. फक्त आत कुठेतरी तुमचा सत्य हा गुण घसरतो. भिकाऱ्याला नाणं दिलं की करुणा वाढते, वैद्याकडे रक्त दिलं की त्याग वाढतो. आणि हे सगळं आकड्यांत डोळ्यांपुढे नाचत नाही. राजवाड्यातल्या एका ज्ञानी माणसाला जाऊन विचारावं लागतं, तेव्हा तो शब्दांत सांगतो. ज्याला वाटलं की कुणी बघत नाहीये, त्याला पुष्कळ पुढे गेल्यावर कळतं की वाट बंद आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ आहे हो हा, चित्रं ठिपक्याठिपक्यांची. पण त्या आंधळ्या दुकानदाराइतकी नेमकी परीक्षा मी पेपरात कधी काढू शकले नाही.

दुसरा दाखला १९९७ सालच्या 'फॉलआउट'चा. अणुयुद्धानंतरचं जग. जमिनीखालच्या एका तळघरात माणसं पिढ्यान्पिढ्या जगतायत आणि तिथली पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बंद पडते. तिचा एक भाग बाहेरच्या उजाड जगातून शोधून आणायचा, मुदत दीडशे दिवस. तो भाग सापडतो एका पडक्या शहरात. पण तिथेही वस्ती आहे, किरणोत्सर्गानं विद्रूप झालेल्या लोकांची, आणि त्याच यंत्रणेवर त्यांचंही पाणी चालू आहे! आपण तो भाग काढून नेला तर ते तहानेनं मरणार. त्यांचा मोडका पंप दुरुस्त करून दिला तर त्यांना पाणी उरतं. पण खेळ तुम्हाला दुरुस्तीची सक्ती करत नाही. भाग उचलून निघून गेलात तरी तळघरात तुमचं कौतुकच होतं. दुष्काळी तालुक्यात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना यातला चटका वेगळा सांगायला नको. आपल्या गावची टाकी भरली की खालच्या गावाचं काय, हा प्रश्न आपण प्रत्यक्षातही किती वेळा विचारतो?

या गेममध्ये तुमच्या वागण्याची एक नोंद राहते, तिचं नावच 'कर्म' आहे. आणि शेवटी, जिथे जिथे तुम्ही गेलात त्या गावांचं पुढे काय झालं ते एकेका चित्रासह सांगितलं जातं. एक गाव नांदलं, दुसरं ओस पडलं. तुम्ही सोडून आलात तरी गोष्ट तिथे चालूच होती. नायकाचा शेवट तर त्याहून कडू. ज्या तळघरासाठी सगळं केलं, तिथला प्रमुख त्याला दारातूनच परत पाठवतो. तुझ्याकडे बघून आमची तरुण पोरंही बाहेर जायला निघतील, म्हणून तू आत येऊ नकोस, म्हणतो. चांगलं वागल्याचं बक्षीस नाही, आणि ही वाईट वागल्याची शिक्षाही नाही. हा परिणाम आहे.

आता जे पटत नाही त्याकडे वळते. पुढच्या काळात बऱ्याच गेमनी चांगल्या-वाईटाला रंग दिले. 'मास इफेक्ट' या तीन भागांच्या मालिकेत (२००७, २०१० आणि २०१२) सभ्य वागण्याचे गुण निळे आणि उद्दाम वागण्याचे तांबडे. बोलण्याचे पर्यायही ठरलेल्या जागी, सभ्य वरती आणि उद्दाम खालती. त्यात एका बाजूचे गुण भरपूर साठले तरच पुढची काही खास वाक्यं बोलता येतात. झालं काय, खेळणारा विचार करायचा थांबला. एकदा निळं व्हायचं ठरलं की वाचायचंसुद्धा नाही, वरच्या ओळीवर बोट ठेवायचं. वर्गातसुद्धा हेच होतं ना. मूल्यशिक्षणाच्या तासाला 'रस्त्यात पाकीट सापडलं तर काय कराल?' असं विचारलं की चाळीस हात वर आणि चाळीस उत्तरं एकच. ते उत्तर मुलांचं नसतं, बाईंना काय हवंय त्याचं असतं. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर आधीच रंग मारलाय, तो प्रश्न नैतिक राहत नाही, तो पाठांतराचा होतो.

या मालिकेचं श्रेयही द्यायला हवं. पहिल्या भागातले निर्णय दुसऱ्यात आणि तिसऱ्यात बरोबर येतात. पहिल्या भागात एका प्रसंगी दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचवता येतं, आणि जो गेला तो पुढच्या दोन्ही भागांत नाही. पाच वर्षं लोकांनी तो हिशेब सांभाळला. आणि मग २०१२ साली तिसऱ्या भागाच्या शेवटी काय मिळालं, तर तीन पर्याय, आणि त्यांचे शेवट बरेचसे सारखे, फक्त प्रकाशाचा रंग तांबडा, निळा नाहीतर हिरवा! जगभरचे चाहते खवळले. काहींनी निषेध म्हणून कंपनीकडे तीन रंगांचे केक पाठवले. वरचा रंग वेगळा, आतली चव एकच. यापेक्षा नेमकं परीक्षण कुठल्या समीक्षकाला जमलं असतं? त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीनं शेवट वाढवून, उलगडून, फुकट दिला. लोक शेवट दुःखी होता म्हणून रागावले, असं काहींचं म्हणणं होतं. मला तसं वाटत नाही. दुःखी शेवट माणसं सोसतात. आपण केलेलं कुणी मोजलंच नाही, हे सोसत नाही.

याच्या उलट टोकाला पोलंडमध्ये तयार झालेला 'द विचर ३' (२०१५). आंद्रे सापकोव्स्की या लेखकाच्या कथांवर हे गेम बेतलेले आहेत. त्यात एक सरदार आहे, दारुडा, बायकोला मारहाण करणारा. बायको पळून गेलीय आणि दलदलीत तीन चेटकिणींच्या तावडीत अनाथ मुलांना सांभाळतेय. जवळच्या टेकडीखाली, एका झाडाच्या मुळांत एक आत्मा कोंडलेला आहे. तो म्हणतो, मला सोडव, मी त्या मुलांना वाचवतो. सोडवावं की मारावं?

सोडवलंत तर मुलं वाचतात, पण तो आत्मा खालच्या गावावर तुटून पडतो. चेटकिणी त्या बाईवर शाप टाकतात, त्यात ती मरते आणि सरदार गळफास घेतो. मारलंत तर गाव वाचतं, बाई जगते पण तिचं भान जातं, सरदार तिला घेऊन दूरच्या वैद्याकडे निघतो आणि मुलं मात्र जातात. इकडे आड, तिकडे विहीर. कुठल्याच पर्यायावर रंग नाही, आणि ठरवताना यातलं काहीच ठाऊक नसतं.

ही निवड नातवानं माझ्यावर सोपवली होती. मी मुलं म्हटलं. शिक्षकाच्या तोंडून दुसरं काय येणार? पुढे त्या सरदाराचं झालं ते बघून मी चहा करायला उठले. नातू म्हणाला, "आजी, हे बरोबर होतं की चूक?" मी म्हटलं, "बरोबर-चूक तू मला उद्या विचार." त्यानं दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं, आणि मग आम्ही तासभर बोललो. त्या मारकुट्या माणसाची आपल्याला दया का आली, त्या बाईचं मत कुणी विचारलं होतं का, गावातल्या लोकांची नावंही आपल्याला ठाऊक नव्हती म्हणून ते आपल्या हिशेबात आले नाहीत का... त्याच्या कॉलेजच्या वयाच्या मुलाशी आजीनं अशा विषयावर तासभर बोलावं, हे दुसऱ्या कशानं घडलं असतं?

आता सगळ्यात मोठ्या अडचणीकडे येऊ. ती म्हणजे मागे फिरायची सोय. बहुतेक गेम मध्येच 'सेव्ह' करून ठेवता येतात. निवड केली, परिणाम आवडला नाही, की जुनी नोंद उघडायची आणि दुसरी वाट धरायची. सगळं पाटीवर पुसल्यासारखं. मग किंमत कसली आणि परिणाम कसला?

गेम करणाऱ्यांनी यावर नाना तोडगे काढले आहेत. २००७ सालच्या पहिल्या 'विचर'मध्ये परिणाम मुद्दाम उशिरा येतो. आज केलेल्या निवडीचं फळ कित्येक तास खेळल्यावर समोर उभं राहतं, तेव्हा मागे जायचं तर तेवढं सगळं पुन्हा खेळावं लागेल. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीनं २०२३ साली आणलेल्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये त्याच वर्षी एक नवा प्रकार जोडला गेला, त्यात एकच नोंद राहते आणि मागे जाताच येत नाही. २०१९ सालच्या 'डिस्को एलिझियम'नं तर वेगळीच युक्ती केली. त्यात लढाया जवळजवळ नाहीतच. स्मृती गेलेला एक पोलीस तपास करतोय आणि त्याच्याच मनातले चोवीस आवाज त्याच्याशी वाद घालतायत. फासा पडतो, प्रयत्न फसतो, पण फसल्यानं गोष्ट अडत नाही, दुसरीकडे वळते, आणि कित्येकदा जास्त रंगते. मागे फिरावंसंच वाटू नये, हा त्यावरचा उपाय. अपयश म्हणजे गोष्टीचा शेवट नव्हे, हे मुलांना सांगून आमचे घसे बसले. या गेमनं ते न सांगता केलं.

पण सगळ्यात अंगावर येतो तो टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' (२०१५). साधी चित्रं, लहान मुलांचा वाटावा असा गेम. सुरुवातीला एक प्रेमळ, आईसारखी बाई आपल्याला सांभाळते आणि पुढे जाऊ देत नाही. तिच्याशी लढावं लागतं. सवयीनं खेळणारे तिला मारून टाकतात, मग हळहळतात, जुनी नोंद उघडतात आणि या वेळी तिला सोडून देतात. सुटलो असं वाटतं. तेवढ्यात एक फूल समोर येतं आणि म्हणतं की तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे. नोंद पुसली, पण खेळाच्या स्मरणातून गेली नाही! आणि या जातीच्या सगळ्या गेममध्ये शत्रू मारल्यावर जे 'अनुभवाचे गुण' मिळतात, त्यांच्या त्याच इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ इथे शेवटी उलगडतो, तो म्हणजे 'हत्येचे गुण'. इतका वेळ आपण काय जमवत होतो ते तेव्हा कळतं.

मागे फिरायच्या सोयीवर माझा सरसकट राग नाही. शाळेत आम्ही मुलांना दोन वह्या करायला लावायचो, एक कच्ची आणि एक पक्की. कच्च्या वहीत खाडाखोड चालते, किंबहुना व्हायलाच हवी. 'असं केलं तर काय होईल?' हे बघायला खेळासारखी सुरक्षित जागा नाही. पण सगळाच अभ्यास कच्च्या वहीत करणाऱ्या मुलाचं अक्षर कधी सुधारत नाही. म्हणून नातवाला मी एक नियम सुचवला आणि त्यानं तो पाळलाय. पहिल्यांदा खेळताना शाईनं खेळायचं. जे ठरवलं ते ठरवलं, मागे जायचं नाही. दुसऱ्यांदा खेळताना पेन्सिल घे, हवं तेवढं खोड. तो म्हणतो की शाईनं खेळलेला गेम लक्षात राहतो.

हे सगळं माझ्या मनाला इतकं का लागतं, त्याला एक कारण आहे. ऐंशीच्या दशकात दहावीच्या पूर्वपरीक्षेला माझ्या पर्यवेक्षणात एका मुलाजवळ चिठ्ठी सापडली. नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांकडे न्यायला हवं होतं. नेलं असतं तर त्याच्या घरी काय झालं असतं याची मला कल्पना होती. मी चिठ्ठी घेतली, त्याची उत्तरपत्रिका घेतली आणि कोरी दिली. म्हटलं, जे येतं तेवढंच लिही. मागच्या बाकावरच्या मुलीनं हे पाहिलं. ती अतिशय कष्टाळू मुलगी होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि बोर्डाची परीक्षा त्यानं दुसऱ्या गावी दिली. मुलगी पुढे शहरात गेली.

त्या दोघांचं पुढे काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. त्या मुलाला ती कोरी उत्तरपत्रिका आधार वाटली, की 'चालून जातं' असं वाटलं? त्या मुलीनं त्या दिवशी माझ्याबद्दल, न्यायाबद्दल काय ठरवलं? 'फॉलआउट'मध्ये शेवटी गावोगावची चित्रं दाखवतात, तशी शिक्षकाला कुणी दाखवत नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत असे किती निर्णय घेतले असतील! कुणाला पुढच्या वर्गात ढकललं, कुणाला थांबवलं, कुणाला एक वाक्य बोलले. हातातून बी सुटलं, उगवलं काय ते दिसलं नाही. आयुष्यात निवडही खरी आणि परिणामही खरा, पण पुष्कळदा तो आपल्याला बघायला मिळत नाही. या खेळांत तो बघायला मिळतो. मला वाटतं, त्यांच्याकडे माणसं ओढली जातात त्याचं एक कारण हेही असावं. अधिकार गाजवायची हौस सगळ्यांनाच असते असं नाही. आपल्या करण्याचं काही झालं का, एवढं कुणीतरी सांगावं, असं मात्र बहुतेकांना वाटतं.

आता नातेवाईकांच्या आक्षेपांकडे. वेळ फार जातो, हे खरं आहे. असा एकेक गेम संपायला कित्येक तास लागतात आणि परीक्षेच्या दिवसांत तो बंदच हवा, याबद्दल सूनबाईंचं आणि माझं एकमत आहे. सगळ्याच गेममध्ये विचार असतो असंही नाही, पुष्कळांत निवडीच्या नावाखाली नुसती रंगरंगोटी असते. काहींत मोठ्यांनाही बघवणार नाही इतकी हिंसा असते, तेव्हा खोक्यावर लिहिलेलं वय वाचावं. पण 'काय खेळतोस?' म्हणून ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून 'तू असं का ठरवलंस?' हे विचारून बघा. उत्तर कदाचित 'असंच' एवढंच येईल. ते 'असंच' उलगडण्यासाठीच तर शिक्षण असतं.

आणि एक इच्छा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० साली 'राजी' नावाचा गेम केला, आपल्या पुराणांतल्या वातावरणात भावाला शोधत निघालेल्या मुलीचा. ती गोष्ट ठरलेल्या वाटेनं जाते, मारामारी आणि उड्या हा तिचा बाज आहे, निवडीचा नव्हे. पण गेम करणारी माणसं इथे आहेत, एवढं त्यातून कळलं. तेव्हा कुणीतरी मराठीतून निवडीचा खेळ करावा. राक्षस नकोत, तलवारी नकोत. एक गाव घ्या, एक दुष्काळाचं साल घ्या आणि खेळणाऱ्याला सरपंच करा. टँकर एक, वस्त्या तीन. चारा छावणी कुठे, रोजगार हमीचं काम आधी कुणाला, विहीर कुणाच्या शेतात. कुठल्याही पर्यायावर रंग मारू नका. आणि शेवटी, पाच वर्षांनी त्या तीन वस्त्यांचं काय झालं ते दाखवा. असा गेम आला तर मी चष्म्याचा नंबर वाढला तरी शेवटपर्यंत बसेन.

तोवर आमचा शाईचा नियम चालू आहे. तुमच्या घरात कुणी हे गेम खेळत असेल तर एकदा करून बघा आणि काय झालं ते मला जरूर कळवा. तेवढंच एखाद्या बीचं काय उगवलं ते मला दिसेल.